दर सत्तर सेंटिमीटरला

बुरुलचाने कातलेल्या दोऱ्यात दर सत्तर सेंटिमीटरला एक जाडसर जागा येते, साधारण तांदळाच्या दाण्याएवढी. डोळ्यांना ती सहसा दिसत नाही, बोट फिरवले तर लागते. सोळाव्या वर्षी घोड्यावरून पडून बुरुलचाची उजवी करंगळी मोडली आणि वाकडीच जुळली. टकळी खाली सोडताना ही करंगळी लोकरीत अडकते आणि चार केस जास्तीचे ओढून आणते. अनारकुलने हे अंतर मोजपट्टीने अकरा वेळा मोजले होते. सरासरी एकोणसत्तर पूर्णांक आठ.

अनारकुलने कोचकोरच्या शाळेत चौतीस वर्षे पदार्थविज्ञान शिकवले होते आणि आता ती एकसष्ट वर्षांची होती. राग आला की तिचा आवाज चढत नसे, आकडे बारीक होत. साध्या रागात ती 'दहा मिनिटे उशीर' म्हणे, खऱ्या रागात 'अकरा मिनिटे चाळीस सेकंद'. ऑक्टोबरमधल्या त्या सकाळी साडेसातलाच ती दुसऱ्या दशांश स्थळापर्यंत पोचली होती.

कारण जुने होते. दोघी मिळून तीस वर्षे शिरदाक, म्हणजे नमद्याचे गालिचे, करत आल्या होत्या. थापलेल्या लोकरीचे दोन रंगांचे जाड नमदे एकत्र कापायचे, एकाची नक्षी दुसऱ्यात बसवायची आणि जोडावर दोन दोर शेजारी शेजारी शिवायचे. एका दोराला उजवा पीळ आणि दुसऱ्याला डावा. तसे केले की जोडावर गव्हाच्या ओंबीसारखी रेघ उठते आणि गालिचा जमिनीला धरून राहतो. दोन्ही दोर एकाच पिळाचे घेतले तर दोन हिवाळ्यांत त्याचे कोपरे वर उचलतात. उजवा पीळ बुरुलचाचा आणि डावा अनारकुलचा. प्रत्येकीच्या हाताला आपापलाच जमतो, असे दोघींनी पहिल्याच वर्षी एकमेकींना सांगितले होते.

आणि तीन वर्षांपूर्वी बुरुलचाच्या मुलाने, तेमिरबेकने, बिश्केकमध्ये नवव्या मजल्यावर घर घेतले. आईने कोचकोरचे घर विकून आपल्याकडे यावे, असे तो तेव्हापासून म्हणत होता. बुरुलचा म्हणे, "मेंढ्या व्याल्या की सांगते." मेंढ्या व्याल्या. मग म्हणे, "बटाटे निघाले की सांगते." तीन वर्षांचे बटाटे निघाले. आता तेमिरबेक स्वतःच आला होता आणि आज दुपारी घर बघायला माणसे येणार होती.

हे कळताच अनारकुल म्हणाली होती, "बरं. तू जाणारच आहेस तर उजव्या पिळाचा दोरा मला बाहेरून आणावा लागेल. उद्याच दुकानं बघायला निघू. आणि निवडायला तू चल. तुझ्याइतकी पारख कुणाला आहे?"

बुरुलचाने हातातली टकळी भिंतीला टेकवली. मग म्हणाली, "किती वाजता?"

गाडी सोनुनची होती. सोनुन चव्वेचाळीस वर्षांची, दोघींच्या हाताखाली नमदा थापायला शिकलेली, आणि त्याआधी अनारकुलच्या वर्गात दोनदा नापास झालेली. म्हणून ती अनारकुलला बाई म्हणे आणि बुरुलचाला एजे, म्हणजे ताई. तिची जपानी गाडी स्टिअरिंग उजवीकडे असलेली होती, आणि आमच्याकडे वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूनेच चालतात. त्यामुळे पुढच्या गाडीला मागे टाकायचे तर चालवणाऱ्याला समोरचे काहीच दिसत नाही. शेजारी डावीकडे बसलेल्याने बघून सांगावे लागते. ते काम अनारकुलचे.

"बाई, येतंय का कुणी?"

"ट्रक. साडेतीनशे मीटर. आठ सेकंद आहेत, तुला सहा लागतील. जा."

सोनुन गेली. मागच्या सीटवर बुरुलचाने डोळे मिटून घेतले.

"सहा पॉइंट चार लागले," अनारकुल म्हणाली.

पहिले दुकान बालिकचीच्या बाजारात होते. बालिकचीत वारा असतोच, पण त्या दिवशी तो लडीच्या लडी दोरीवरून उडवत होता. विक्रेतीने एक पांढरी लडी छातीशी धरून पुढे केली.

"शुद्ध लोकर, एजे. मेंढी स्वतः येऊन सांगेल."

अनारकुलने धाग्याचे टोक तोडले आणि काडी ओढली. वाऱ्याने विझवली. दुसरीही विझली, तिसरीही. चौथीला टोक पेटले, वितळले आणि त्याची काळी गोळी झाली.

"ही मेंढी प्लास्टिकची होती," अनारकुल म्हणाली.

"तुम्ही हे अंगात घालणार आहात की चुलीत?" विक्रेती म्हणाली.

"लोकर जळते, वितळत नाही. जळताना केसांसारखा वास येतो. हे तू विकतेस, तुला माहीत हवं."

"मला माहीत आहे, एजे. गिऱ्हाइकाला माहीत नसतं. सगळी तुमच्यासारखी काड्या घेऊन फिरत नाहीत."

अनारकुलने लडी बुरुलचापुढे धरली. "तुझं काय म्हणणं?"

"चांगली आहे," बुरुलचा म्हणाली.

"प्लास्टिक आहे."

"रंग चांगला आहे."

तेवढ्यात बुरुलचाच्या खिशात फोन वाजला. तिने काढून बघितला आणि वाजता वाजताच परत खिशात ठेवला.

"तेमिरबेक?" अनारकुलने विचारले.

"असेल."

"बघितलंस ना?"

"बघितलं. म्हणून तर म्हणते, असेल."

दरम्यान सोनुनने गुलाबी रंगाचे सहा गुंडे घेतले होते. "पुतणीला टोपी करीन," ती म्हणाली.

"वितळेल," अनारकुल म्हणाली.

"ती टोपी घालून भट्टीत बसणार नाहीये, बाई."

निघताना विक्रेतीने थर्मास उघडला. भांडण झाले म्हणून चहा नाही, असे कसे चालेल, म्हणाली. नान फोडून पुढे ठेवली. कुणाच्या दारातून निघायचे तर नानला तोंड लावून निघायचे, मग तुम्ही त्याचे काही घेतलेले असो वा त्याचे टोक जाळलेले असो. तिघींनी उभ्याउभ्या नान खाल्ली आणि प्रत्येकी तीन पियाले चहा घेतला. पंचवीस मिनिटे तीस सेकंद, अनारकुलने गाडीत बसताना सांगितले.

दुसरे दुकान सरोवराच्या काठच्या एका गावात, कासमाली आजोबांच्या परसात होते. आजोबांनी चाळीस वर्षे सूतगिरणीत काढली होती आणि गिरणी बंद पडल्यावर तिथली दोन जुनी यंत्रे आणून पत्र्याच्या शेडमध्ये लावली होती. शेडमध्ये पाऊल टाकताच लोकरीच्या तेलाचा खरा वास आला. अनारकुलने काडी ओढली. केस जळाल्याचा वास आला. तिचा चेहरा जरासा सैल झाला. मग तिने दोरा उभा धरून पिळाच्या रेषा कुठल्या बाजूला चढतात ते बघितले.

"हा डावा पीळ आहे," ती म्हणाली.

"दुपदरी धागा डावाच असतो, पोरी," आजोबा म्हणाले.

"मला उजवा हवाय."

"सगळे हाच नेतात."

"सगळ्यांच्या गालिच्यांचे कोपरे उचलतात."

"कुणी तक्रार घेऊन आलं नाही."

"येणार कसे? ठेचकाळून पडले असतील."

आजोबा खूश झाले. असे बोलणारे माणूस त्यांना गिरणी बंद पडल्यापासून भेटले नव्हते. त्यांनी दोन्ही यंत्रे चालू करून दाखवली, एक बंद पडले तर ते उघडूनही दाखवले, आणि मग तिघींना आत ओढतच नेले. आजींनी टेबल मांडून ठेवले होते. नान, साय, जर्दाळूचा मुरंबा, कणकेचे तळलेले बोरसोक. चहा ओतला जात होता आणि अनारकुल घड्याळाकडे बघत होती. बुरुलचाच्या खिशात फोन दुसऱ्यांदा वाजला. तिने खिशावर हात दाबून धरला, लहान मुलाच्या तोंडावर धरतात तसा.

"घरून आहे वाटतं," आजी म्हणाल्या.

"या बुरुलचा एजे बिश्केकला चालल्यात ना, मुलाकडे," सोनुन बोरसोक खाता खाता म्हणाली. "आज घर बघायला माणसं यायचीत. म्हणून तर आम्ही दोरा शोधतोय. यांचा उजवा पीळ गेला की बाईंचा डावा नुसता पडून राहणार."

"सोनुन," अनारकुल म्हणाली, "तुझ्या तोंडात बोरसोक असतो तेव्हाच तू ऐकण्यासारखी असतेस."

"म्हातारपणी मुलाजवळ असावं," आजोबा म्हणाले. "चांगलं केलंस, बुरुलचा." आणि टेबल आवरायची वेळ झाली, तसे त्यांनी दोन्ही तळवे समोर उघडले आणि दुआ म्हणायला घेतली. "बुरुलचाची वाट मोकळी असो. नव्या घरात तिचा पाय ठरो. जुन्या घराला चांगला मालक मिळो. मागं राहिलेले तिला हसत निरोप देवोत."

सगळ्यांनी तळवे उघडले होते. आजी, सोनुन, बुरुलचा. आजोबांनी शेवटचा शब्द म्हणण्याआधी सवयीने टेबलाभोवती नजर फिरवली आणि ते थांबले. अनारकुलचे दोन्ही हात मांडीवर पालथे पडलेले होते.

दुआ झाली की हात उचलून चेहऱ्यावरून फिरवायचा, हे आमच्याकडे दूध पिणारे मूलही बघून बघून करते. हात न उचललेले माणूस आजोबांनी अठ्ठ्याहत्तर वर्षांत बघितले नसावे.

"बाई, हात," सोनुन कुजबुजली.

"माझा खांदा दुखतोय," अनारकुल म्हणाली.

"दोन्ही?" आजींनी विचारले.

"दोन्ही."

आजोबा थोडा वेळ थांबले, खांदे बरे होतात का ते बघत. मग हळूच शेवटचा शब्द, "ओमीन", म्हणाले. बुरुलचाने हात वर नेले खरे, पण ते हनुवटीशीच अडले.

गाडी गावाबाहेर पडली. मग मागून बुरुलचाचा आवाज आला.

"दुआ नाकारतेस. लहान पोर आहेस का?"

"मी खांदा म्हटलं."

"खांदा. तीन वर्षांपूर्वी मी तुझ्याकडे आले होते, तेमिरबेक काय म्हणतो ते पहिल्यांदा तुलाच सांगायला. काय म्हणाली होतीस?"

अनारकुलने समोरची काच बाहीने पुसली.

"मी सांगते काय म्हणालीस. 'तुझा मुलगा, तुझं घर. मला कशाला विचारतेस?' आणि नमदा कापायला बसलीस."

"मग. आजही तेच म्हणते."

"मग हात का नाही उचललास?"

या प्रश्नाला अनारकुलकडे आकडा नव्हता. तिने तोंड मिटले. आणि त्याच वेळी पुढे गवताच्या भाऱ्यांनी भरलेला एक ट्रक लागला. भारे दोन्ही बाजूंनी रस्त्यावर झुकले होते आणि तो ताशी पंचवीसने चालला होता.

"बाई, येतंय का कुणी?"

उत्तर आले नाही.

"बाई?"

अनारकुल डावीकडच्या खिडकीतून सरोवर बघत होती. समोरचा रस्ता लांबपर्यंत मोकळा होता, पण ते फक्त तिला दिसत होते.

सोनुनने मान बाहेर काढून बघितले. गवत दिसले. जरा वेळाने गाडी थोडी डावीकडे घेऊन बघितले. समोरून बस आली. ती इतक्या जोरात परत आत वळली की गुलाबी गुंडे पुढे येऊन बुरुलचाच्या पायाशी लोळले.

"गाडी थांबव, मी पुढे बसते," बुरुलचा म्हणाली.

अनारकुलने सीटचा पट्टा दोन्ही हातांनी धरला. तेव्हा तिचे खांदे व्यवस्थित चालत होते.

"ही अशीच आहे," बुरुलचा सोनुनला म्हणाली, जणू तिसरे माणूस गाडीत नव्हतेच. "दुसरीत माझ्याशी बोलणं सोडलं होतं, पाटीवर थुंकले म्हणून. स्वतःच्या पाटीवर थुंकले होते मी. हिला ते बघवलं नाही."

"किती दिवस सोडलं होतं?"

"चौथीपर्यंत."

सोनुनने रस्त्याकडे बघितले आणि काही हिशेब केला. चौथीपर्यंत गाडीत बसणे तिला परवडणारे नव्हते.

एकतीस किलोमीटर त्या गवतामागे गेले. खिडकीतून काड्या येत होत्या. बुरुलचाचा फोन तिसऱ्यांदा वाजला आणि आपणहून थांबला. सोनुनने चार वेळा "बाई" म्हटले, दोनदा रडवेल्या आवाजात, एकदा रागाने, आणि एकदा वर्गात हात वर करून विचारावे तसे. एक तास चौदा मिनिटांनी ट्रक एका शेतात वळला.

"एक तास चौदा मिनिटं," अनारकुल म्हणाली, आणि पुन्हा गप्प बसली.

तिसऱ्या दुकानाचे गाव दिसताच बुरुलचा चुळबुळ करू लागली. "इथे काही नाही मिळत. माझी बहीण इथेच राहते, दर महिन्याला येते मी. मला माहीत नाही होय? परत फिरू."

"दुकान बघितलंयस?" अनारकुलने विचारले. तिने बोलायचे नाही असे ठरवले होते, पण पुराव्याशिवाय केलेले विधान तिला सहन होत नसे.

"बाहेरून."

"मग आतून बघू."

"तुम्ही बघा. माझा गुडघा धरलाय. मी गाडीत बसते."

दुकान बेगाइम नावाच्या तरुण बाईचे होते. एक खोली, नमद्याच्या चपला, टोप्या, भिंतीला टांगलेल्या टकळ्या. आणि मागच्या भिंतीशी, अर्धी खोली अडवून, एक मोठे लाकडी खोके. त्याचे झाकण नीट लागत नव्हते आणि फटीतून एक करडी लडी दिसत होती. अनारकुलने ती लांबूनच ओळखली. म्हणजे काय ओळखले ते तिला सांगता आले नसते, पण तिचे बोट आपोआप अंगठ्यावर घासू लागले.

"ते दाखव."

"ते विकायचं नाही, एजे. राखून ठेवलंय."

"कुणासाठी?"

"एक बाई यायची आहे."

"कधी?"

"माहीत नाही. तीन वर्षं झाली."

"तीन वर्षं," अनारकुल म्हणाली. दिवसभराचा राग आता कुणा अनोळखी बाईवर काढता येणार, म्हणून तिला बरेच वाटले. "लोकांचं सामान तीन वर्षं अडवून ठेवायचं आणि यायचं नाही. अशा बेजबाबदार माणसांसाठी तू खोली अडवून बसलीस? दे इकडे." आणि तिने पिशवीतून मोजपट्टी काढली.

बेगाइमने मोजपट्टीकडे बघितले. मग अनारकुलकडे. मग पुन्हा मोजपट्टीकडे.

"एजे, तुम्ही कोचकोरच्या का?"

"तुला काय करायचंय?"

"शाळेत शिकवायच्यात?"

"हो," सोनुन म्हणाली. "मला दोनदा नापास केलंय."

बेगाइमने छातीवर हात ठेवून मोठा श्वास सोडला. "बरं झालं आलात. मी दर हिवाळ्यात म्हणते, हे खोकं आता चुलीत घालते. त्या एजेंनी सांगून ठेवलं होतं. 'एक रागीट बाई येईल. हातात मोजपट्टी असेल. आल्याबरोबर तुझ्यावर ओरडेल, पण आवाज चढवणार नाही. तिला दे, दुसऱ्या कुणाला नको.'"

अनारकुल खाली वाकली. एक लडी काढली, दोरा बोटांमधून ओढला. तांदळाचा दाणा. मोजपट्टी लावली. सत्तर. पुढचा दाणा. सत्तर. उजवा पीळ. तिने दुसरी लडी काढली. उजवा. तिसरी, चौथी. मग खोक्याच्या दुसऱ्या कोपऱ्यातली एक काढून उभी धरली आणि तिचा हात हवेतच थांबला. रेषा उलट्या बाजूला चढत होत्या. डावा पीळ. तिने बोट फिरवले. तांदळाचा दाणा. मोजपट्टी लावली.

सत्तर.

दारात पावले वाजली. बुरुलचा उभी होती. सकाळपासूनच्या नऊ पियाल्यांपुढे तिच्या गुडघ्याचे काही चालले नव्हते.

"बेगाइम, तुझ्या मागच्या अंगणात..." ती म्हणाली, आणि मग तिला खोके दिसले.

"जाऊन ये आधी," अनारकुल म्हणाली. "मी थांबते."

बुरुलचा गेली आणि परत आली. त्या चार मिनिटांत सोनुनने तीन टोप्या घालून बघितल्या.

"हा डावा आहे," अनारकुल म्हणाली.

"हो."

"दर सत्तरला दाणा आहे."

"तू अजून ते मोजतेस?"

"तुला डावा येतो."

"टकळी उलटी फिरवायची. त्यात येण्यासारखं काय आहे?"

"तीस वर्षं म्हणालीस, डावा माझ्या हाताला जमत नाही."

"तू आधी म्हणालीस, उजवा मला जमत नाही. मग मी म्हटलं, मलाही डावा जमत नाही. तू खूश दिसलीस. म्हणून तसंच ठेवलं."

सोनुनने आळीपाळीने दोघींकडे बघितले. "बाई, दिशा उलटी केली की पीळ उलटतो, हे आठवीत तुम्हीच शिकवलंत. त्यातच तर मी नापास झाले. तुम्हाला उजवा येतो?"

अनारकुलने लडीचे सुटलेले टोक आत खोचले. "येतो," ती म्हणाली.

"म्हणजे एकीला दोन्ही येतात आणि दुसरीलाही दोन्ही येतात. मग आज आपण सकाळपासून कशासाठी..."

"सोनुन, गप्प," दोघी एकदम म्हणाल्या.

बेगाइम हळूच मागच्या खोलीत गेली. किटलीचा आवाज आला.

"घरी आणून का नाही दिलंस?" अनारकुलने विचारले.

"कसं देणार? तू म्हणाली असतीस, एवढं कशाला. मग मला सांगावं लागलं असतं, मी चालले म्हणून. ते काही तोंडातून निघेना. म्हटलं, मी गेल्यावर ही फणफणत दुकानं हुडकायला निघेल, आणि मोजता मोजता इथवर पोचेल. तेव्हा मिळेल तिला." बुरुलचा खोक्याच्या कडेवर टेकली. "खोकं भरलं की तेमिरबेकला हो म्हणायचं, असं ठरवलं होतं. पण जरा भरत आलं की मी आणखी मोठं खोकं आणायची. हे तिसरं आहे."

अनारकुलने लड्या मोजल्या. ओठ हलत होते. "अकरा शिरदाकांचा दोरा आहे. एकटीने शिवले तर वर्षाला अर्धा होईल. बावीस वर्षं लागतील. तोवर मी त्र्याऐंशी वर्षांची होईन."

"पुरेल मग."

"पुरेल." अनारकुलचा आवाज अजूनही चढला नव्हता. "मला मरेपर्यंत एकटीला पुरेल असं सामान बांधून दिलंस तू. वर माझ्याच तोंडावर म्हणतेस, डावा जमत नाही. मी सकाळपासून त्या प्लास्टिकवाल्या बाईशी भांडले, म्हाताऱ्या माणसाच्या घरी खोटा खांदा दुखवून घेतला, एक तास चौदा मिनिटं गवत बघितलं. आणि हे खोकं इथे तीन वर्षं बसलंय."

"तू एकदा म्हणाली असतीस तर मी पहिलंच खोकं जाळलं असतं," बुरुलचा म्हणाली. आता तीही रागावली होती, आणि तिचा राग साधा होता, सगळ्यांना कळणारा. "काय म्हणायचं ते तुला माहीत आहे. दोन शब्द आहेत. तीन वर्षं मी वाट बघतेय. आणि तू काय केलंस? मला घेऊन निघालीस, माझ्याच जागी दुसरा दोरा निवडायला."

अनारकुलने तोंड उघडले. दोन शब्द खरोखरच दोनच होते, पण तिच्याकडून ते निघाले नाहीत. तिने लड्या उचलल्या, उजव्या वेगळ्या आणि डाव्या वेगळ्या, एकेक करून परत खोक्यात लावल्या, झाकण दाबून बसवले आणि चहा घेऊन येणाऱ्या बेगाइमला म्हणाली, "हे मला नको."

बेगाइमने तबक टेबलावर ठेवले. "नको म्हणजे? मी तीन वर्षं..."

"समज, ती बाई आलीच नाही."

"आणि खोकं?"

"चुलीत घालायचं म्हणत होतीस ना? घाल. लोकर आहे, वितळणार नाही."

बुरुलचा तिच्याकडे बघत राहिली. अनारकुलच्या तोंडून यापेक्षा स्पष्ट काही निघणार नव्हते, हे तिला दुसरीपासून माहीत होते.

बेगाइमने सगळ्यांना टेबलाशी बसवले आणि नान फोडून ठेवली. फोन चौथ्यांदा वाजला. या वेळी बुरुलचाने तो खिशातून काढला, वाकड्या करंगळीने हिरवे बटण दाबले आणि नानच्या शेजारी ठेवला. तेमिरबेकचा आवाज खोलीभर झाला.

"आई, आहेस कुठे? सकाळपासून फोन करतोय. ती माणसं दुसऱ्यांदा आलीत. दारात उभी आहेत."

"दारात का उभी आहेत? आत घे. चहा टाक. कपाटात नान आहे, वरच्या फळीवर मुरंबा आहे. तोंड लावल्याशिवाय कुणाला परत पाठवू नको."

"आई, ते चहा नाही विचारत, घराचं विचारतायत. आज हो की नाही ते सांग म्हणतात. काय सांगू?"

सोनुनचा नानकडे गेलेला हात मध्येच थांबला. अनारकुलने मोजपट्टी खाली ठेवली. मग दोन्ही हात मांडीवरून उचलले आणि तळवे समोर उघडून धरले, दुआत काही मागताना धरतात तसे, छातीच्या उंचीवर, दोन्ही अगदी सारखे.

बुरुलचाने ते हात बघितले आणि फोनवर वाकली.

"बस त्यांच्याबरोबर, चहा पी, आणि सांग, घर विकायचं नाही. मी येत नाहीये, तेमिरबेक. मी कोचकोरलाच राहणार आहे."